ईयोबाचे गडी

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला गाठून विचारलं, की तू गोदीत बोजे वाहणारा, कविता लिहिणारा, तुला ख्रिस्ती धर्मशास्त्राची काय उठाठेव? प्रश्न रास्त आहे. माझं शिक्षण मॅट्रिक. कुठल्या सेमिनरीत मी गेलो नाही. पण विल्यम कॅरीनं १८११ साली बंगालातल्या सेरामपूरला मराठी नवा करार छापला, तेव्हापासून हे पुस्तक वाचायला कुणाची मुंज व्हावी लागत नाही. वाचायला मिळालं, वाचलं. आणि वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवला : माणूस आजारी का पडतो, याचं उत्तर हा धर्म काय देतो?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या वस्तीत खोकला सुरू झाला, रक्त पडलं, की डॉक्टर जंतूचं नाव सांगतो. पण रात्री तीन वाजता घामानं भिजलेला माणूस जंतूचं नाव विचारत नाही. तो विचारतो, मलाच का? आणि तेवढ्यासाठी उशाशी कुणी ना कुणी टपून बसलेला असतोच. भटजीचं उत्तर आपल्याला पाठ आहे. मागच्या जन्मीचं पाप, भोग. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात या उत्तराची शेंडी नेमकी धरली. गरिबाचं दैन्य त्याच्या मागच्या जन्मावर ढकललं की राज्याची आणि समाजाची जबाबदारी सुटते, हा त्यांचा मुद्दा. मी तोच गज घेऊन ख्रिस्ती उत्तरं मोजायला बसलो. उत्तर दिल्यावर जबाबदारी कोणाची सुटते? बस्स, एवढंच बघायचं.

पहिलं उत्तर तुम्हाला माहीत आहे. आदाम-हव्वेनं फळ खाल्लं, देवानं हाकललं, तिथून बाईला बाळंतकळा आणि पुरुषाला घाम आणि सगळ्यांना मरण. पुढे उत्तर आफ्रिकेत हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन, इसवी सन ३५४ ते ४३०, यानं त्या गोष्टीचा पक्का सिद्धांत केला. तान्ही पोरं दुखण्यानं तळमळतात हे त्याला दिसत होतं. देव न्यायी, आणि पोर तर काही करू शकत नाही, मग ते तळमळतं कशामुळे? त्यानं उत्तर काढलं की पाप रक्तातून आलेलं आहे, जन्मतः आहे. म्हणजे बघा, पोराचं दुखणं हाच पोराच्या गुन्ह्याचा पुरावा. हा कायदा आपण कुठेतरी ऐकलाय ना? फरक एवढाच की भटजीचा हिशोब प्रत्येकाच्या नावावर वेगळा आहे, आणि ऑगस्टीनचं कर्ज सगळ्या मनुष्यजातीवर सारखं आहे. राजा आणि भंगी, दोघेही एकाच बापाचे गुन्हेगार. आपल्या दृष्टीनं हा फरक बारीक नाही. पण पोराच्या उशाशी बसलेल्या आईला त्याचा उपयोग काय, ते मला कळलेलं नाही.

आता त्याच बायबलमध्ये या उत्तराविरुद्ध उठलेला माणूस आहे. त्याचं नाव ईयोब. माझं खरं भांडण आणि खरं प्रेम या पुस्तकावर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ईयोब मोठा मालदार. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी. सात मुलगे, तीन मुली. सज्जन माणूस. देव आणि सैतान यांच्यात वर आकाशात पैज लागते, की याचं सगळं काढून घेतलं तर हा देवाला शिव्या देईल का? आणि मग एका दिवसात सगळं जातं. शबाई लोक बैल पळवतात. आकाशातून आग पडून मेंढरं जळतात. खास्दी लोक उंट नेतात. वाऱ्यानं घर कोसळून दहाही पोरं मरतात. नंतर ईयोबाच्या अंगावर तळपायापासून टाळूपर्यंत गळवं उठतात आणि तो राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो.

दोन हजार वर्षं पंडित लोक विचारतायत, ईयोब निर्दोष असून त्याला हे का? विचारा बाबांनो. पण मी बोजे वाहणारा, माझी नजर दुसरीकडे गेली. बैल नेले तेव्हा नांगर धरणारे गडी कापले गेले. मेंढरं जळाली तेव्हा राखणारे गडीही जळाले. उंट नेले तेव्हाही गडी कापले. प्रत्येक वेळी एकच वाचतो, तो धावत मालकाकडे बातमी आणायला. त्याचं काम तेवढंच. पहिल्या अध्यायात मेंढरं मोजलेली आहेत, गाढवी मोजलेल्या आहेत, गडी मात्र 'पुष्कळ' होते. पैज लागली मालकावर आणि जीव गेला गड्यांचा. त्यांचा काय दोष, हे ईयोबाच्या पुस्तकात कुणीच विचारत नाही. देव नाही, सैतान नाही, मित्रही नाहीत.

मित्र तीन येतात. अलीफज, बिल्दद, सोफर. त्यांनी सुरुवात चांगली केली, सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसून राहिले. तोंड उघडल्यावर घाण झाली. तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच मारत नाही, कबूल हो म्हणजे सुटशील. पोलीस ठाण्यात जसं सांगतात तसं. ईयोब कबूल होत नाही. अंगावर किडे पडलेत तरी तो म्हणतो की माझ्यावर खटला असेल तर आरोपपत्र दाखवा. देवालाच कोर्टात ओढतो. आणि गंमत पुढे आहे. शेवटी देव वावटळीतून बोलतो, समुद्र कुणी कोंडला, पाऊस कुणी पाडला वगैरे, कारण मात्र सांगत नाही. पण मित्रांवर तो भडकतो. ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही, असा निकाल देतो. म्हणजे देवाची वकिली करून आजाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे खोटे, आणि देवाशी भांडणारा खरा. हे ख्रिस्ती लोकांच्या पवित्र पुस्तकात छापलेलं आहे. कित्येक फादर आणि पाळक रविवारी ते वाचतात आणि सोमवारी आजाऱ्याच्या घरी बिल्ददसारखे बोलतात.

नुसत्या पाळकांना कशाला झोडू? आमच्या टोळीत एक ख्रिस्ती गडी होता. वरून माल निसटला, पाय गुडघ्यापासून गेला. इस्पितळात एक धर्मवाला आला, म्हणाला देव तुझी परीक्षा पाहतोय. दुसऱ्या दिवशी एक चळवळवाला आला, म्हणाला तू भांडवली व्यवस्थेचा बळी आहेस, आणि पाऊण तास भाषण ठोकलं. दोघं गेल्यावर तो मला म्हणाला, नुकसानभरपाईचा अर्ज कोण लिहून देणार? कामगारांच्या भरपाईचा कायदा या देशात १९२३ पासून आहे. अर्जाला दोन कागद लागत होते. परीक्षावाल्याकडे नव्हते, व्यवस्थावाल्याकडेही नव्हते. बिल्दद फक्त चर्चमध्येच असतो असं समजू नका.

आता येशूकडे येऊ. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? जन्मापासून आंधळ्यानं पाप केलं कधी? पण सवयच तशी असते, दुखणं दिसलं की आरोपी शोधायचा. येशू दोन्ही नाकारतो. इथपर्यंत मी त्याच्या बाजूचा. पुढे तो म्हणतो की देवाचं काम याच्यात दिसावं म्हणून. हे मला पटत नाही. एवढी वर्षं आंधळा राहिला तो दुसऱ्याला काहीतरी दिसावं म्हणून? मग तो थुंकीनं माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. कारणाच्या चर्चेपेक्षा हाताला लागलेली माती मला जास्त बोलकी वाटते.

दुसरी गोष्ट लूकच्या तेराव्या अध्यायातली. शिलोहात बुरूज कोसळला, अठरा माणसं मेली. येशू विचारतो, ती अठरा माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? स्वतःच उत्तर देतो, नाही. (लगेच पश्चात्तापाची धमकीही देतो, ती वेगळी.) हे वाचताना मला आपली गोदी आठवली. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट लागली होती. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, वर कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी. कापूस पेटला, दुपारी चारच्या सुमारास बोट उडाली, थोड्या वेळानं पुन्हा उडाली. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिलला अजून देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. मांडवीपर्यंत वस्त्या जळाल्या. पाप कोणाचं? बुरूज कोणी बांधला, चुना किती घातला, ते लूक सांगत नाही. पण इथे ठाऊक आहे. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत भरायचा हुकूम आकाशातून आला नव्हता. बोटीवर सोन्याच्या लाद्या होत्या, त्या मोजलेल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना लाद्या सापडल्या की परत जात होत्या. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र दर पुस्तकात वेगळा आहे. कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. लूकनं निदान अठरा मोजले.

आजाराला शिक्षा म्हटलं की पुढची पायरी ठरलेली असते, पापी कोण ते शोधा. आणि तो नेहमी वेशीबाहेरच सापडतो. लेवीयच्या पुस्तकात तेराव्या अध्यायात कातडीच्या रोगाचा कायदा आहे, मराठीत त्याला महारोग म्हटलंय. निदान करणार पुरोहित. रोगी ठरला की कपडे फाडायचे, तोंड झाकायचं, मी अशुद्ध, अशुद्ध असं ओरडत चालायचं, छावणीबाहेर एकटं राहायचं. पेशवाईत गळ्यात मडकं बांधून कोण चालायचं, ते तुम्हाला मी सांगायला नको. यहुद्यांचा तो नियम रोग गेला की सुटायचा, शुद्धी करून माणूस परत आत यायचा. आपल्याला परतीची वाटच नव्हती. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू अशा माणसाला हात लावतो. आधी हात लावतो, मग बरं करतो. हा क्रम लक्षात ठेवा.

मग चर्च काय करत होतं? दोन्ही. १३४८-४९ साली युरोपात काळा मृत्यू म्हणजे प्लेग आला. लोक रस्त्यानं स्वतःला चाबकानं फोडत हिंडले, देवाचा राग शांत व्हावा म्हणून. ते अंगावरचे वळ पुरेनात तेव्हा ज्यू लोकांनी विहिरीत विष घातलं अशी आवई उठली. पोप सहावा क्लेमेंट यानं १३४८ साली फतवा काढून सांगितलं की हे खोटं आहे, ज्यूसुद्धा प्लेगनं मरतायत, त्यांना हात लावू नका. कोण ऐकतो? १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यू जिवंत जाळले. जाळणारे ख्रिस्ती. पुढे १९८० नंतर एड्स आला तेव्हा अमेरिकेतल्या काही उपदेशकांनी पुन्हा तीच टेप लावली, देवाची शिक्षा म्हणून. सहाशे वर्षांत फक्त वेशीबाहेरचा माणूस बदलला. हेही सांगतो की त्याच एड्सच्या रोग्यांचे हातपाय धुणाऱ्या जोगिणीही ख्रिस्तीच होत्या. आणि १८७३ साली बेल्जियमचा फादर डेमियन हवाई बेटांत मोलोकाईच्या महारोग्यांत राहायला गेला, तिथेच तो रोग घेऊन १८८९ साली मेला. त्याच १८७३ साली नॉर्वेत बर्गेनला हॅन्सननं त्या रोगाचा जंतू शोधला. पाप नाही, जंतू. एवढं कळूनही आपल्या देशातला १८९८चा महारोग्यांना डांबण्याचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

आपल्या मुंबईचंच बघा. माझगावात, गिरगावात, वांद्र्याला गल्लीच्या तोंडाशी जुने क्रूस दिसतात. त्यातले कित्येक १८९६च्या प्लेगच्या वेळचे. प्लेगपासून राख म्हणून लोकांनी उभे केले. आपल्यातले काही जण त्यांना हसतात. हसू नका. निम्मं शहर पळून गेलं होतं, सरकारनं १८९७ सालचा साथरोग कायदा आणून घरात घुसून माणसं ओढून न्यायला सुरुवात केली होती, औषध नव्हतं. माणूस कुठेतरी हात टेकणारच. पण त्याच साथीतला दुसरा ख्रिस्ती माणूस पाहा. डॉक्टर अकासिओ व्हिएगस, गोव्याचा, कॅथलिक. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीच्या कोंदट वस्तीत, गोदामांच्या पाठीमागे, गाठी आलेले रोगी त्यानं तपासले आणि सांगितलं, हा प्लेग आहे. धान्याची गोदामं, उंदीर, सांडपाणी, एका खोलीत दहा माणसं, हे त्यानं पाहिलं आणि घरोघर हिंडला. तो चर्चला जात असेल, गुडघे टेकत असेल. पण मांडवीत त्यानं कुणाला पाप विचारलं नाही, जीभ आणि जांघ दाखवायला सांगितली. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्याचा पुतळा आहे, बस पकडायच्या घाईत आपण बघत नाही. चारच महिन्यांत, १८९७च्या जानेवारीत, हाफकिननं इथेच बनवलेली लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आणि मार्चमध्ये पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातलं गाठ आलेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून यशवंताच्या दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. बाई १० मार्चला गेल्या.

आता दोन उत्तरं राहिली, ती हल्लीची आहेत आणि आपल्या वस्तीत चालतात.

एक चंगाई सभेचं. मोठा मंडप, ढोलकी, माईक, कुबड्या फेकणारे लोक. याकोबाच्या पत्रात आहे की आजाऱ्यानं वडील मंडळींना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. चांगलं आहे, चार माणसं घरी येतात, अंगाला हात लावतात. अस्पृश्याला तर हातच औषध. पण आमच्या चाळीतल्या एका बाईनं अशा सभेनंतर क्षयाच्या गोळ्या बंद केल्या. कोर्स सहा महिन्यांचा, तिला दुसऱ्या महिन्यात बरं वाटू लागलं होतं. गोळ्या मध्येच सोडल्या की जंतू मुरतो, मग साध्या औषधाला दाद देत नाही. तसंच झालं. पुन्हा रक्त पडलं तेव्हा सभेवाल्यांनी सांगितलं, तुझा विश्वास कमी पडला. हे उत्तर मला सगळ्यांत नीच वाटतं. बरी झालीस तर देवानं केलं, मेलीस तर तू केलंस. माईकवाल्याचा धंदा दोन्हीकडून सुरक्षित.

दुसरं उत्तर भारदस्त आहे. दुखणं ही देणगी आहे, येशूच्या क्रूसात तुझा वाटा आहे, ते दुखणं देवाला अर्पण कर. पौलाच्या पत्रात याचं बी आहे, आणि पोप दुसरा जॉन पॉल यानं फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यावर अख्खं पत्र लिहिलं. हा पोप स्वतः १९८१ साली गोळ्या खाऊन वाचलेला, म्हणून मी त्याला बोलघेवडा म्हणणार नाही. जे दुखणं हटतच नाही, त्याला काही अर्थ हवा असं माणसाला वाटतं, हे मी समजू शकतो. ज्यानं त्यानं स्वतःच्या दुखण्याला काय म्हणायचं ते म्हणावं. पण बिनदुखण्याच्या माणसानं उपाशी माणसाच्या दुखण्याला देणगी म्हणू नये. पगार न वाढवता मालकानं तुमच्या घामाला पवित्र म्हटल्यासारखं आहे ते.

हे सगळं ख्रिस्ती लोकांच्या आतूनही कुणी कुणी बोललेलं आहे, ते लपवणं बरोबर नाही. पेरू देशातला गुस्ताव्हो गुतिएरेस, लिमाचा पाद्री. पोरपणी हाडांच्या दुखण्यानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला. १९७१ साली त्यानं मुक्तीचं धर्मशास्त्र लिहिलं, त्यात गरिबी हे दैव नाही, केलेली गोष्ट आहे, असं मांडलं. २०२४ साली तो वारला. अमेरिकेतला काळा धर्मशास्त्री जेम्स कोन, त्यानं २०११च्या पुस्तकात येशूचा क्रूस आणि काळ्यांना ज्या झाडांना लटकवून मारलं ती झाडं समोरासमोर ठेवली. आणि आपल्यातले अरविंद निर्मळ, मराठी माणूस. १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात उभं राहून त्यांनी विचारलं की इथल्या चर्चमध्ये बहुसंख्य लोक खालच्या जातींतले, मग इथलं धर्मशास्त्र बामणी तत्त्वज्ञानाच्या शब्दांत का बोलतं? तिथून दलित धर्मशास्त्र सुरू झालं.

या गुतिएरेसनं १९८६ साली ईयोबावर पुस्तक लिहिलं. त्यानं दाखवलं की मधेच ईयोब बदलतो. सुरुवातीला स्वतःचंच रडगाणं गाणारा हा मालक चोविसाव्या अध्यायात दुसऱ्यांविषयी बोलू लागतो. पेंढ्या वाहणारे उपाशी आहेत, द्राक्षं तुडवणारे तहानलेले आहेत, रात्री पांघरूण नाही, शेताच्या खुणा सरकवून जमीन हडप केलेली आहे, शहरातून कण्हणं ऐकू येतं आणि देव लक्ष देत नाही. राखेत बसल्यावर त्याला बोजे वाहणारे दिसले. एकतिसाव्या अध्यायात तर तो म्हणतो की मला आणि माझ्या गड्याला पोटात घडवणारा एकच होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

मग शेवटचा अध्याय काढला. बेचाळिसावा. देव ईयोबाला सगळं दुप्पट परत देतो. मेंढरं चौदा हजार. उंट सहा हजार. बैलांच्या हजार जोड्या. गाढवी हजार. पुन्हा सात मुलगे, तीन मुली, मुलींची नावंसुद्धा दिली आहेत. मी दोनदा वाचला. नांगरावर कापलेल्या, मेंढरांबरोबर जळालेल्या गड्यांबद्दल त्या अध्यायात एक अक्षर नाही.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. पाळक मंडळींपैकी कुणी आलं असेल तर त्यांनी आधी विचारावं.